दुकानाचा पत्ता आणि गिऱ्हाइकाचा ठावठिकाणा

व्यापाराच्या इतिहासाचा अभ्यास करताना उत्पादन, वाहतूक, चलन, व्याज, जकात ह्या विषयांकडे जितके लक्ष दिले जाते, तितके एका अगदी साध्या प्रश्नाकडे दिले जात नाही. ज्याला एखादी वस्तू किंवा सेवा हवी आहे त्याला ती कोठे मिळते हे कळते कसे, हा तो प्रश्न होय. खेडेगावात तो उद्भवतच नाही. सुतार कोण आणि कासार कोण हे तेथे विचारावे लागत नाही. मोठ्या पेठांच्या शहरांत हा प्रश्न दीर्घकाळपर्यंत वस्तीच्या रचनेनेच सोडविला होता. पुण्यातील तांबट आळी आणि बोहरी आळी, मुंबईतील झवेरी बाजार आणि लोहार चाळ ही नावे ह्याची साक्ष देतात. एका धंद्याची माणसे एका ठिकाणी बसत आणि धंद्याचे नाव हेच त्या जागेचे नाव होई. परक्या माणसाला एकदा आळी सापडली की पुढे फारसा शोध करण्याचे कारण उरत नसे. आळी हीच वर्गीकृत यादी होती, आणि ती वाचावयास अक्षरओळखही लागत नव्हती.

शहरे आळ्यांच्या बाहेर पसरली तेव्हा ही सोय मोडली आणि तिची जागा कागदावरील यादीने घेतली. त्या कागदी यादीचा हातातील फोनपर्यंत जो प्रवास झाला, त्याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. ‘जवळचे औषधांचे दुकान’ असे शब्द फोनवर लिहून किंवा बोलून दुकान शोधणे, आणि त्या शोधात आपले नाव वर यावे म्हणून दुकानदाराने खर्च व खटपट करणे, ह्या व्यवहारास आज स्थानिक शोध-विपणन म्हणतात. हे स्मार्टफोनचे अपत्य आहे असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. धंद्यांचे वर्गीकरण, पत्त्याची खातरजमा, यादीतील ठळक जागेसाठी मोजावयाचे पैसे ही सर्व अंगे फोन खिशात येण्यापूर्वीच सिद्ध झालेली होती. नवीन गोष्ट एकच घडली. विचारणारा माणूस कोठे उभा आहे हे यादीला कळू लागले. परंतु त्या एका गोष्टीने बाकीच्या सर्व अंगांचे मोल बदलून टाकले.

ह्या कल्पनेचे मूळ युरोपात बरेच मागे जाते. गरजू माणूस आणि ती गरज भागवू शकणारा माणूस एकाच शहरात राहूनही एकमेकांस सापडत नाहीत, ही उणीव सोळाव्या शतकातील फ्रेंच निबंधकार माँतेन ह्याने नोंदविली आहे, आणि त्यावर प्रत्येक नगरात नोंदीची एक जागा असावी हा उपाय आपल्या वडिलांचा म्हणून सांगितला आहे. पुढे इ. स. १६३० च्या सुमारास तेओफ्रास्त रनोदो ह्याने पॅरिसमध्ये असे ‘पत्त्यांचे कार्यालय’ प्रत्यक्षात चालविले. लंडनमध्ये १६५० साली हेन्री रॉबिन्सन ह्याने थ्रेडनीडल स्ट्रीटवर तसाच प्रयत्न केला; सहा पेन्स शुल्क आणि गरिबांस ते माफ, अशी त्याची योजना होती. शंभर वर्षांनी कादंबरीकार हेन्री फील्डिंग आणि त्याचा बंधू जॉन ह्यांनी लंडनमध्येच ‘युनिव्हर्सल रजिस्टर ऑफिस’ काढले. ह्या सर्व ठिकाणी विचारणाऱ्याने स्वतः जावयाचे, आपली गरज तोंडाने सांगावयाची आणि वहीतून उत्तर घ्यावयाचे, अशी पद्धत होती. छापील यादीचा मार्ग ह्याहून निराळा. लंडनमधील व्यापाऱ्यांच्या नावांचा सॅम्युएल ली ह्याचा संग्रह १६७७ साली निघाला, आणि लोकांची रोकड सांभाळणाऱ्या सोनारांची त्यात वेगळी यादी दिलेली होती. ते सोनार म्हणजे पुढील काळातील पेढीवाले.

टेलिफोन आल्यावर ह्या दोन मार्गांचा संगम झाला. अमेरिकेतील न्यू हेवन ह्या गावी फेब्रुवारी १८७८ मध्ये टेलिफोनधारकांची जी पहिली यादी निघाली ती एका पृष्ठाची होती आणि तीत ५० नोंदी होत्या. तीत क्रमांक नव्हते, कारण जोडणी करून देणाऱ्यास नाव सांगितले म्हणजे काम भागत असे. ह्या यादीचे खरे महत्त्व पुष्कळदा दुर्लक्षिले जाते. ती सरसकट वर्णानुक्रमाने लावलेली नसून राहती घरे, वैद्य, दंतवैद्य, दुकाने व कारखाने, मांस-मासळीचे बाजार, घोडागाड्यांचे तबेले अशा गटांत विभागलेली होती. म्हणजे टेलिफोनची यादी जन्मतःच धंदेवार होती. शिकागोचा रूबेन डॉनेली ह्याने १८८६ साली धंद्यांची स्वतंत्र निर्देशिका काढली आणि ‘यलो पेजेस’ किंवा पिवळी पाने ह्या व्यवसायाचे जनकत्व त्याच्याकडे गेले. पिवळा रंग कसा आला ह्याविषयी पांढरा कागद संपल्याची एक आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, रंग टिकला.

पिवळ्या पानांचे अर्थकारण पुढील विवेचनासाठी लक्षात घेणे अवश्य आहे. वाचकास ग्रंथ फुकट मिळे आणि खर्च दुकानदार सोशीत. साधी नोंद बहुधा विनामूल्य. ठळक अक्षर, चौकट, अर्धे पान ह्यांस चढते दर. क्रम लावण्याचे नियम दोनच, एक वर्णमालेचा आणि दुसरा पैशाचा, आणि दोन्ही उघड्यावर होते. अमुक नळदुरुस्तीवाल्याची चौकट मोठी आहे कारण त्याने अधिक पैसे दिले आहेत, हे पान पाहणाऱ्या कोणासही समजे. वर्णमालेचा नियम फुकट असल्यामुळे त्याचा गैरफायदाही फुकट घेता येई. अमेरिकेत ‘एएए’ अशा अक्षरांनी सुरू होणारी नावे कुलूपवाले, नळदुरुस्तीवाले आणि गाड्या ओढून नेणारे ह्यांनी मुद्दाम धारण केली. जो नियम नावाला मान देतो तो नावे बनवितो. ह्याचे दुसरे उदाहरण पुढे येईल.

ह्या ग्रंथांत दोन उणिवा होत्या. एक म्हणजे ते वर्षातून एकदा निघत. मधल्या काळात दुकान उठले तरी पान तसेच राही. दुसरी अधिक मूलगामी आहे. ग्रंथाला वाचक कोठे आहे ते माहीत नसे. शहराच्या उत्तर टोकाच्या गृहिणीला आणि दक्षिण टोकाच्या कारकुनाला एकच पान, एकच क्रम. अंतराचा हिशेब वाचकाने आपल्या मनाशी करावयाचा. आजवर बाजारात आळीने जे काम केले होते त्यातील निम्मेच काम ग्रंथाने उचलले. धंदा कोणता ते त्याने सांगितले. जवळ काय आहे ते त्याला सांगता आले नाही.

हिंदुस्थानात मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील टेलिफोन केंद्रे १८८२ साली सुरू झाली. तथापि पुढील शंभर वर्षे टेलिफोन ही दुर्मिळ वस्तूच राहिली. यंत्रासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत असे, आणि सरकारी डिरेक्टरीचा जाड ठोकळा हाती येईपर्यंत त्यातील कितीतरी क्रमांक बदललेले असत. ज्या देशात यादी शिळी आणि टेलिफोन मोजके, तेथे पिवळ्या पानांचे अमेरिकन रोप मूळ धरणे कठीणच होते. ह्या पार्श्वभूमीवर मुंबईत १९९६ साली सुरू झालेल्या ‘जस्ट डायल’ ह्या कंपनीचा विचार केला पाहिजे. तिचे संस्थापक व्ही. एस. एस. मणी ह्यांनी त्यापूर्वी पिवळ्या पानांचा व्यवसाय करणाऱ्या एका कंपनीत विक्रीचे काम केले होते. १९८९ च्या सुमारास केलेला ह्याच धर्तीचा त्यांचा पहिला प्रयत्न साधला नव्हता. त्यानंतर पन्नास हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी हा दुसरा प्रयत्न केला, आणि सहज लक्षात राहील असा टेलिफोन क्रमांक हेच त्याचे मुख्य साधन होते.

जस्ट डायलची पद्धत वरवर पाहता आधुनिक, परंतु तिचा आत्मा रॉबिन्सनच्या कार्यालयाचा आहे. ग्राहकाने फोन करावयाचा, पलीकडील माणसास गरज सांगावयाची आणि त्याने संगणकातील यादीतून नावे वाचून दाखवावयाची. पुढे ती नावे मोबाइलवर संदेशरूपाने येऊ लागली. विचारणाऱ्यास शुल्क नाही. पैसे भरणाऱ्या दुकानदाराचे नाव आधी. येथे दोन गोष्टी घडल्या. दुकानदार आता पानावरील जागा विकत घेत नव्हता, तर त्या घटकेला गरज असलेल्या माणसाची चौकशी विकत घेत होता. आणि चौकशीचे उत्तर देण्यासाठी विचारणाऱ्याने आपला भाग सांगणे आवश्यक झाले. दादरला की ठाण्याला, असे विचारल्याशिवाय वातानुकूलन यंत्र दुरुस्त करणारा सांगता येत नाही. मला ह्या लहानशा प्रतिप्रश्नाचे महत्त्व फार वाटते. अमेरिकेतील यादीला जे वर्षानुवर्षे विचारता आले नव्हते ते ह्या यादीने विचारले, कारण तिला तोंड होते. साक्षरतेची आणि इंग्रजीची अडचणही त्यामुळे पुष्कळ कमी झाली. कंपनीचे संकेतस्थळ २००७ साली निघाले, २०१३ साली तिचे भाग सार्वजनिक विक्रीस आले, आणि २०२१ साली रिलायन्स रिटेल व्हेंचर्स ह्या कंपनीने ३,४९७ कोटी रुपयांच्या व्यवहारात तिच्यावर नियंत्रण मिळविल्याचे जाहीर केले. पंचवीस वर्षे गोळा केलेल्या पत्त्यांची किंमत काय असते ह्याचे मोजमाप म्हणून हा आकडा नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

अमेरिकेत दरम्यान यादी इंटरनेटवर गेली होती. १९९५ मध्ये स्थापन झालेले ‘सिटीसर्च’ आणि मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये काढलेले ‘साइडवॉक’ ही शहरवार माहितीची संकेतस्थळे होती. दुसरे दोन वर्षांत पहिल्याच्या मालकांस विकले गेले. ह्यांचा भर संपादकांनी लिहिलेल्या मजकुरावर होता आणि तो खर्च स्थानिक दुकानदारांच्या वर्गणीतून निघेना. त्याहून दूरगामी ठरली ती ‘गोटू’ ह्या शोधयंत्राने १९९८ साली आणलेली लिलावाची पद्धत. शोधातील शब्दावर बोली लावावयाची आणि कोणी दुव्यावर बोट ठेवले तरच पैसे द्यावयाचे. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये आपली जाहिरात योजना सुरू केली आणि २००२ मध्ये तीत हीच पद्धत सुधारून आणली. मोठ्या चौकटीसाठी वर्षाचे पैसे आगाऊ भरण्याची चाल येथे संपली.

गूगलने मार्च २००४ मध्ये स्थानिक शोधाची सोय काढली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिडनी येथील ‘व्हेअर टू’ ही चार जणांची लहान कंपनी तिने विकत घेतली, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये गूगलचा नकाशा प्रसिद्ध झाला. नकाशा आणि निर्देशिका ही दोन जुनी पुस्तके येथे एकत्र बांधली गेली. त्यानंतर महिन्याभरातच दुकानदारांना आपली नोंद स्वतः करण्याची सोय मिळाली. नोंद करणारा खरोखर त्या पत्त्यावर आहे की नाही हे ताडण्याची युक्ती मोठी गमतीची आहे. कंपनी त्या पत्त्यावर टपालाने एक कार्ड पाठवी, त्यावर एक गुप्त आकडा असे, आणि तो आकडा भरल्यावरच नोंद पक्की होई. जगातील अत्यंत अद्ययावत यंत्रणेला दुकानाच्या अस्तित्वाचा दाखला शेवटी पोस्टमनकडून घ्यावा लागला. त्या नोंदीचे नाव २०१० मध्ये, २०१२ मध्ये, २०१४ मध्ये आणि २०२१ मध्ये बदलले; कार्डाची पद्धत बराच काळ तशीच राहिली.

इतके झाले तरी यादीला विचारणारा कोठे आहे ते कळत नव्हते. त्याला गावाचे किंवा विभागाचे नाव लिहावे लागे. ते कळण्याची साधने व्यापारासाठी निर्माण झालेली नाहीत, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. संकटकाळी फोन करणाऱ्या माणसाचे ठिकाण कळावे म्हणून अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९९६ मध्ये मोबाइल कंपन्यांवर ते शोधण्याचे बंधन घातले. लष्करासाठी उभारलेल्या उपग्रहांच्या संकेतांत नागरिकांसाठी हेतुपुरस्सर ठेवलेला दोष मे २००० च्या आरंभी काढून टाकण्यात आला, आणि सामान्य माणसाच्या यंत्राची अचूकता एका रात्रीत सुमारे दहापट वाढली. गूगलच्या मोबाइल नकाशावर मनोऱ्यांच्या आधाराने आपली जागा दाखविणारा निळा ठिपका नोव्हेंबर २००७ मध्ये आला. पहिल्या आयफोनमध्ये उपग्रह-संकेत घेण्याची सोय नव्हती. ती जुलै २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. तेथून पुढे ‘कोठे?’ हा शब्द प्रश्नातून गळाला. तो प्रश्नाच्या आधीच फोनने सांगून टाकलेला असे.

ह्या शक्तीचा उपयोग कसा होईल ह्याविषयीचे त्या काळातील भाकीत मात्र चुकले. माणूस रस्त्याने जात असता कॉफीच्या दुकानापाशी आल्याबरोबर त्याच्या फोनवर सवलतीची चिठ्ठी येईल, हे चित्र सभासंमेलनांत पुनःपुन्हा रंगविले गेले. २००९ साली निघालेल्या ‘फोरस्क्वेअर’ने लोकांना आपण कोठे आलो ते जाहीर करावयास लावले, २०१० मध्ये फेसबुकने तेच केले, २०१३ मध्ये ॲपलने दुकानात बसवावयाच्या लहान संकेतयंत्रांची पद्धत आणली. ह्यांपैकी कशानेही पिवळ्या पानांची जागा घेतली नाही. न मागता आलेली चिठ्ठी हा उपद्रव असतो, आणि विचारल्यावर मिळालेले उत्तर ही सेवा असते. जाहिरातदारांना हा भेद पुन्हा एकदा पैसे खर्चून शिकावा लागला. जिंकली ती जुनी चौकशीच. ‘माझ्या जवळ’ अशा अर्थाच्या शब्दांनी केलेले शोध २०११ पासून २०१५ पर्यंत चौतीसपट झाले आणि त्यांतील सुमारे ८० टक्के मोबाइलवरून होतात, असे गूगलने २०१५ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिका व जपान धरून दहा देशांत संगणकापेक्षा मोबाइलवर अधिक शोध होत असल्याचे तिने सांगितले. त्याच्या आधीच्या महिन्यात, २१ एप्रिलपासून, फोनवर नीट न दिसणाऱ्या संकेतस्थळांना मोबाइलवरील शोधात खाली ढकलण्यास आरंभ झाला होता.

दुकानदारास आता काय विकत घेता येऊ लागले ते पाहावे. जानेवारी २०१० पासून मोबाइलवरील जाहिरातीत बोट ठेवताच फोन लागण्याची सोय झाली. २०१३ च्या बदलानंतर आपल्या दुकानाजवळच्या शोधकांसाठी अधिक आणि दूरच्यांसाठी कमी, अशी बोली लावता येऊ लागली. म्हणजे अंतराला दर आला. डिसेंबर २०१४ मध्ये त्याहीपुढे एक पाऊल पडले. जाहिरात पाहिलेल्यांपैकी किती माणसे प्रत्यक्ष दुकानात आली ह्याचा अंदाज गूगल मोठ्या जाहिरातदारांना देऊ लागली, आणि तो अंदाज फोनच्या ठावठिकाण्यावरूनच बांधलेला होता. आपल्या जाहिरातीतील निम्मा पैसा वाया जातो, पण कोणता निम्मा ते कळत नाही, ही व्यापाऱ्यांची जुनी तक्रार आहे. तिचे उत्तर मिळू लागले, परंतु ते गिऱ्हाइकाच्या पायांमागे जाऊन. ठावठिकाणा नोंदविण्याविषयी वापरणाऱ्यांची दिशाभूल केल्याच्या प्रकरणात अमेरिकेतील ४० राज्यांशी गूगलने नोव्हेंबर २०२२ मध्ये ३९.१५ कोटी डॉलरची तडजोड केली. वाचकाला फुकट मिळणाऱ्या निर्देशिकेची किंमत दुकानदार देतो, हा पिवळ्या पानांचा करार होता. ह्या नव्या करारात दुसरी बाजूही काही देत होती हे त्या तडजोडीने उघड झाले.

आता क्रमाच्या प्रश्नाकडे वळू, कारण ह्या सर्व इतिहासाचे मर्म तेथे आहे. स्थानिक उत्तरांचा क्रम समर्पकता, अंतर आणि ख्याती ह्या तीन गोष्टींवर ठरतो असे गूगल सांगते. त्यांचे परस्पर प्रमाण ती सांगत नाही. नकाशाखाली एके काळी दहा नावे येत, पुढे सात, आणि ऑगस्ट २०१५ पासून तीन. पिवळ्या पानावर शंभर नळदुरुस्तीवाले असत आणि शंभरावाही दिसे. तीन जागांच्या यादीत चौथा जवळजवळ नाहीच. त्यामुळे नियमातील बारीक फेरफाराने लहान दुकानांचे नशीब पालटू लागले, आणि हे फेरफार निरीक्षकांना परिणामांवरून ताडावे लागले. त्यांना नावेही बाहेरच्यांनीच दिली. जुलै २०१४ च्या बदलास कबुतर म्हटले गेले, सप्टेंबर २०१६ च्या बदलास पॉसम. अमेरिकेतील हा प्राणी भय वाटल्यास मेल्याचे सोंग घेतो. त्या बदलात कित्येक नोंदी नाहीशा झाल्यासारख्या वाटल्या, पण नकाशा मोठा करून पाहिल्यावर त्या तेथेच होत्या, म्हणून हे नाव. निरीक्षकांच्या मते एकाच इमारतीत किंवा अगदी लगत एकाच धंद्याची दोन दुकाने असतील तर त्यांतील एक गाळले जाऊ लागले होते.

तांबट आळीची आठवण येथे अपरिहार्यपणे होते. आळीत शेजारी त्याच धंद्याचा असणे हीच जाहिरात होती. दहा तांबटांच्या ठोक्यांनी अकरावाही ऐकू जाई. तीन जागांच्या नकाशात तेच शेजारपण अपायकारक झाले. वैद्यकीय व्यावसायिकांनी भरलेल्या एखाद्या इमारतीतील दोन दंतवैद्यांस हे चांगले समजेल. नोव्हेंबर–डिसेंबर २०२१ च्या बदलात तर अंतराचे वजन आणखी वाढले आणि नावात घातलेल्या धंद्याच्या शब्दांचे वजन उतरले, असे निरीक्षकांनी नोंदविले. हा बदल जवळच्या लहान दुकानास न्याय देणारा आहे असे म्हणता येईल, आणि मीही काही अंशी तसे मानतो. परंतु दोन मैलांवरून केवळ कसबामुळे गिऱ्हाईक ओढून आणणारा कारागीर ह्या न्यायात बसत नाही. जवळीक हा गुण नव्हे, तो योगायोग आहे. आणि तो भाड्याने विकत मिळतो.

नावे बनविण्याचा जुना रोग ह्या नियमातही उद्भवला. न्यूयॉर्कमध्ये ‘थाय फूड नियर मी’, म्हणजे ‘माझ्या जवळचे थाय जेवण’, ह्या नावाचे एक उपाहारगृह निघाले. हा ‘एएए’ कुटुंबाचाच वंशज, आणि निदान प्रामाणिक. त्याचे दुकान खरोखर तेथे आहे. ज्यांचे दुकान कोठेच नाही त्यांची कथा निराळी. २०१८ ह्या एका वर्षात ३० लाखांहून अधिक खोट्या नोंदी काढून टाकल्याचे गूगलने स्वतः सांगितले. कुलूपवाल्यांच्या धंद्यात हा उपद्रव सर्वाधिक झाला, कारण दाराबाहेर अडकलेला माणूस दुसरे मत घेत बसत नाही. जवळचे म्हणून दिसलेले दुकान प्रत्यक्षात दूरच्या फोनकेंद्राचे असे, आणि सांगितलेला दर दारात आल्यावर अनेकपट होई. महाराष्ट्रातही २०१८ मध्ये नकाशावरील बँकांच्या शाखांचे फोन क्रमांक बदलून तेथे भामट्यांनी आपले क्रमांक घातल्याच्या तक्रारी सायबर पोलिसांपर्यंत गेल्या. नकाशात दुरुस्ती सुचविण्याची मुभा सर्वांस दिल्याचा हा परिणाम होता. छापील डिरेक्टरी शिळी असे, पण रात्रीतून कोणी तिचे पान बदलून जात नसे.

पिवळ्या पानांचा अंत ह्याच काळात झाला. डॉनेलीचे नाव धारण करणारी कंपनी मे २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. ब्रिटनमधील पिवळ्या पानांचा पहिला अंक १९६६ साली ब्रायटन येथे निघाला होता. शेवटचा छापील अंकही जानेवारी २०१९ मध्ये ब्रायटनलाच वाटण्यात आला. निर्देशिका संपली, परंतु क्रम लावण्याची सत्ता संपली नाही, ती थोड्या हातांत गेली. भारताच्या स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधाच्या उत्तरांत पक्षपात केल्याबद्दल गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्थानिक दुकानांवरील अभिप्राय गोळा करणाऱ्या ‘येल्प’ने ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत जो दावा लावला, त्याचा विषय तर नेमका स्थानिक शोधच आहे.

आपल्याकडे ह्या इतिहासाला एक स्वतंत्र वळण लाभले ते पत्त्यांच्या स्वरूपामुळे. आपला पत्ता म्हणजे रस्ता आणि क्रमांक नव्हे. तो ‘मारुतीच्या देवळासमोर, पाण्याच्या टाकीमागे’ असा असतो. डिसेंबर २००९ मध्ये गूगलच्या भारतीय नकाशाने रस्त्यांच्या नावांऐवजी खुणांच्या आधाराने वाट सांगण्यास आरंभ केला, तो येथील माणसे वाट कशी सांगतात ह्याचे निरीक्षण करून. नकाशात रस्ते व ठिकाणे लोकांनीच भरावीत ही २००८ सालची योजनाही भारतीय अभियंत्यांच्या प्रयत्नांतून निघालेली होती. ती २०१७ मध्ये बंद झाली, परंतु तोपर्यंत तीतून पुष्कळ माहिती मूळ नकाशात गेली होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर स्वस्त इंटरनेट तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले, आणि शोध करणारा माणूस इंग्रजी न लिहिणाराही असू शकतो ही गोष्ट व्यापारदृष्ट्या महत्त्वाची झाली.

ह्यातून भाषेचा जो प्रश्न निर्माण झाला तो अद्याप पुरता सुटलेला नाही. नकाशातील बहुतेक नोंदी रोमन लिपीत केलेल्या. जानेवारी २०२१ मध्ये गूगलने मराठीसह दहा भारतीय भाषांत नावांचे यांत्रिक लिप्यंतर करून दाखविण्यास सुरुवात केली. रोमन लिपीत ‘त’ आणि ‘ट’, ‘न’ आणि ‘ण’ ह्यांचा भेद राहत नाही, तेव्हा रोमनमध्ये गेलेले नाव देवनागरीत परत येताना जसेच्या तसे येईल ह्याचा भरवसा धरता येत नाही. इकडे महाराष्ट्र शासनाने २०२२ च्या दुरुस्तीने दहांपेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाटीवरील अक्षर कोणते, किती मोठे आणि कोठे, हे कायद्याने ठरविले आहे. नकाशावरील नोंद मात्र त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे आज एखाद्या दुकानाचे दारावरील नाव एक आणि गिऱ्हाइकाच्या हातातील नाव किंचित निराळे असे पाहावयास मिळते. आणि गिऱ्हाईक दुकानापर्यंत येते ते बहुधा दुसऱ्या नावाने.